लचक

मी उर्दू माध्यमाच्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. स्प्रिंगला एकेक वजन अडकवायचं, ती किती ताणली ते पट्टीवर मोजायचं आणि वजन काढलं की ती पुन्हा जागेवर येते हे मुलांना दाखवायचं, हा माझा दरवर्षीचा प्रयोग. या गुणाला उर्दूत ‘लचक’ म्हणतात. मराठी पुस्तकात त्यालाच ‘स्थितिस्थापकता’ असा भारदस्त शब्द आहे. एकदा मी वर्गात ‘लचक, लचक’ करीत होते, तेव्हा व्हरांड्यातून जाणाऱ्या मराठीच्या बाई दारात थबकल्या आणि काळजीने विचारू लागल्या, ‘‘कोणाची कंबर लचकली?’’ सगळा वर्ग हसला. मीही हसले. एका भाषेत ज्याने वस्तू शाबूत राहते तो गुण, आणि दुसऱ्या भाषेत ज्याने माणूस आडवा होतो ते दुखणं. या शब्दाचे दोन्ही अर्थ पुढे मला एका जुन्या गाडीने शिकवले. ती गाडी केपटाऊनची, माझ्या मामूची.

माझं आजोळ रायगड जिल्ह्यातलं, खाडीकाठचं. आमच्या कोकणी मुसलमानांचं केपटाऊनशी नातं जुनं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आमची माणसं दक्षिण आफ्रिकेच्या त्या टोकाला जाऊन भाजी-फळं विकत, छोटी दुकानं चालवत. 1913 च्या कायद्याने नव्या हिंदी माणसांना तिथे शिरायची बंदी झाली; पण जे आधीपासून होते त्यांना आपला लहान मुलगा बोलावून घेता येई. त्यामुळे कितीतरी घरांत एकच रीत पडली. बाप तिकडे, आई इकडे आणि मुलगा हाताशी येण्याजोगा झाला की तोही तिकडे. 1953 साली नाना गावी आले आणि परतताना दहा वर्षांच्या मामूला बोटीने बरोबर घेऊन गेले. पुढच्या फेरीनंतर, 1955 साली, अम्मीचा जन्म झाला. सख्खी भावंडं, पण एका छपराखाली कधी वाढलीच नाहीत.

नानांच्या प्रत्येक पत्रात शेवटी एक ओळ असे: ‘बायला एकदा माझं शहर दाखवीन.’ ते जमलं नाही. दोन देशांचे संबंध तुटलेले होते. त्या काळी भारतीय पासपोर्टवर दक्षिण आफ्रिका वगळल्याचा शिक्का असे. नाना 1979 मध्ये तिकडेच वारले आणि तो वायदा मामूकडे आला. 1993 मध्ये संबंध पुन्हा जुळले. पण तोवर अम्मीच्या मागे आमची शिक्षणं, लग्नं, अब्बांचं आजारपण लागलं होतं. शेवटी मे 2023 च्या सुट्टीत मी अम्मीला घेऊन निघाले. ती 68 वर्षांची, मामू 80 चे.

मामूच्या पत्रांत आणि नंतर फोनवर एका वस्तूचं नाव सतत असे: बक्की. दक्षिण आफ्रिकेत पिकअपला बक्की म्हणतात. मामूची बक्की निसान 1400 होती, 1986 साली नवी घेतलेली. ही गाडी म्हणजे 1971 च्या डॅटसन 1200 चीच घडण. इंजिन मोठं केलं आणि प्रिटोरियाजवळच्या रॉस्लिनच्या कारखान्यात ती 2008 पर्यंत बनत राहिली. पुढे दोन माणसांपुरती केबिन, मागे उघडा हौदा, अर्ध्या टनाचा माल. भाजीवाला, सुतार, प्लंबर, कोणाकडेही तीच. मामू पहाटे फज्र पढून एपिंगच्या घाऊक बाजारात जात, हौदा भरून बटाटे आणत आणि सकाळी दुकान उघडत. पत्रात ते लिहीत, ‘बाय, तू आलीस की तुला बक्कीतून फिरवीन. रिकामी असली तर उड्या मारते, पण माल भरला की पाळण्यासारखी चालते.’ अम्मीने हे वाक्य इतक्या वेळा वाचलं होतं की केपटाऊन म्हणजे तिच्या मनात डोंगर नव्हता, समुद्र नव्हता. पाळण्यासारखी चालणारी गाडी होती.

विमानतळावरून आम्ही मामूच्या घरी, रायलँड्सला पोहोचलो तेव्हा पाऊस पडत होता. तिकडे मे म्हणजे हिवाळ्याची सुरुवात, आणि पाऊसही हिवाळ्यातच. भावा-बहिणीची भेट मी लिहिणार नाही, ते त्यांचंच राहू दे. दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर अम्मीने पहिली चौकशी बक्कीची केली. मामीने गॅरेजचं दार वर केलं.

बक्की होती. रंग नवा, काळाभोर, आरशासारखा. पण ती जमिनीवर बसलेली होती. चाकं अर्धी पंख्यांच्या आत शिरलेली, पुढचा बंपर जमिनीपासून वीतभरही नाही. अम्मी वाकून बघत राहिली आणि म्हणाली, ‘‘हिची उंची कोणी चोरली?’’

मामू हसले नाहीत. ‘‘पोराने केलीय. छान केलीय,’’ एवढंच म्हणाले आणि आत गेले.

पोरगा म्हणजे मामूचा नातू, माझ्या मरहूम मामेभावाचा मुलगा. घरात सगळे त्याला बाबू म्हणतात. माझा मामेभाऊ 2021 मध्ये कोविडने गेला. बाबू तेव्हा 20 वर्षांचा होता, गाड्यांच्या दुरुस्तीचं काम शिकत होता. बाप गेल्यावर तो सहा महिने कोणाशी धड बोलला नाही. शाळा, मित्र, मशीद, सगळ्यांतून मन काढून रात्र-रात्र गॅरेजमध्ये बक्कीखाली पडून राहिला. त्यातून ही गाडी निघाली. तिकडे गाडी खाली करण्याचं पोरांना फार वेड. रविवारी अशा गाड्या एका मैदानात जमतात, लोक फोटो काढतात. बाबूच्या बक्कीला तिथे मान होता.

आणि मामू त्या दिवसापासून बक्कीत बसले नव्हते. मशिदीत जायला ते सुनेची छोटी मोटार वापरत. विचारलं की म्हणत, ‘‘आता वय झालं.’’ बाबूची समजूत अशी, की दादाला आपलं काम पसंत नाही. खरी गोष्ट मामीने मला दुसऱ्या रात्री हळूच सांगितली. मामूच्या मणक्याची झीज झाली होती. पहिल्याच फेरीत कंबरेत असा झटका बसला की रात्रभर झोपले नाहीत. पण बाप गमावलेल्या पोराला कोणत्या तोंडाने सांगणार, की बाळा, तू जे केलंस त्याने मला दुखतं?

मी पडले मास्तरीण. दुसऱ्या दिवशी बाबूचे दोन मित्र आलेले असताना मी त्याला सुनावलं. माल वाहायची गाडी तू शोभेची केलीस, ज्या गाडीने तुमचं घर चालवलं तिची काय दशा केलीस, वगैरे. वर्गात बोलते तशी बोलले. त्याने मान खाली घालून ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, ‘‘फुफू, तुम्ही कधी तिच्याखाली गेलात का?’’

त्या प्रश्नाचा अर्थ मला चार दिवसांनी कळला.

अम्मीला डिस्ट्रिक्ट सिक्स बघायचं होतं. नानांचं घर आणि दुकान तिथे, हॅनोव्हर स्ट्रीटच्या मागच्या गल्लीत होतं. 11 फेब्रुवारी 1966 रोजी सरकारने ती वस्ती गोऱ्यांसाठी जाहीर केली आणि पुढच्या वर्षांत 60,000 हून जास्त माणसांना तिथून हलवलं. घरं बुलडोझरने पाडली. मशिदी आणि चर्च तेवढी उभी राहिली. नाना-मामूंना 1974 साली रायलँड्सला यावं लागलं, कारण हिंदी लोकांसाठी ठरवून दिलेला भाग तो. ‘बायला माझं शहर दाखवीन’ यातलं नानांचं शहर म्हणजे ते पाडलेलं शहर. मामूंची इच्छा होती की बहिणीला तिथे न्यायचं ते बक्कीतूनच, आणि गाडी स्वतः चालवायची. अंतर दहा-बारा किलोमीटर.

‘‘बटाटे भरले तर जाईल नीट,’’ मामू एका संध्याकाळी स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले.

माझे कान टवकारले. हे तर माझ्या पुस्तकातलं! मी लगेच कागद घेतला. पिकअपच्या मागच्या कमानीचे पाटे अर्ध्या टनाच्या मालासाठी बनवलेले असतात, म्हणजे ताठ. हौदा रिकामा असला की त्यांच्यावर वजनच नसतं. स्प्रिंग ताठ आणि वजन कमी, तर हेलकावा जलद. म्हणून रिकामी गाडी उड्या मारते. त्याच पाट्यांवर वजन वाढवा, हेलकावा संथ होतो. मागच्या भागाचं वजन दुप्पट झालं तर हेलकाव्यांची गती सुमारे 0.7 पट होते. स्प्रिंग उभ्या वजनाने 5 सेंटीमीटर दबत असेल तर सेकंदाला साधारण सव्वादोन हेलकावे येतात. 10 सेंटीमीटर दबत असेल तर दीड. माणसाच्या धडाला सगळ्यांत जास्त त्रास होतो तो सेकंदाला 4 ते 8 या गतीच्या उभ्या थरथराटाचा, त्यापासून जितकं दूर राहू तितकं बरं. मामूची ‘पाळण्यासारखी’ ही उपमा गणितात चोख बसत होती. मी सर्वांना समजावून सांगितलं. मामू खूश झाले. बाबू काहीतरी बोलू पाहत होता. मी त्याला बोलू दिलं नाही.

तिकडे बटाटे 10 किलोच्या पिशवीत मिळतात, त्याला पॉकेट म्हणतात. आम्ही 20 पॉकेटं आणली आणि हौद्यात लावली. आधी गल्लीत एक चक्कर मारून बघू असं ठरलं. मामू चालवायला बसले, शेजारी बाबू. मी आणि अम्मी फाटकात उभ्या. गाडी निघाली, शंभर पावलं गेली आणि पहिल्या गतिरोधकावर असा आवाज झाला, जसा लोहाराच्या घणाचा. मागचा भाग वर उसळला नाहीच. नुसता थाडकन थांबला. ब्रेकचे दिवे लागले. बाबू धावत खाली उतरला. मामूंचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि चेहरा पांढरा पडला होता.

कंबरेत लचक भरली होती. मराठी बाईंची लचक.

मामू तीन दिवस अंथरुणाला खिळले. डॉक्टर म्हणाले, मोडलेलं काही नाही, विश्रांती घ्या. अम्मी उशाशी बसून होती. मला कोणी काही बोललं नाही, आणि तेच जास्त लागलं. माझं गणित चुकलं नव्हतं. पण मी जे मोजलं नव्हतं ते मला कळेना. तिसऱ्या दिवशी मी गॅरेजमध्ये गेले. बाबू बसला होता. मी म्हटलं, ‘‘बाबू, मला खाली काय आहे ते दाखव. मी विचारायला हवं होतं, विचारलं नाही.’’

त्याने काहीही न बोलता गाडी जॅकवर चढवली, स्टँड लावले, जमिनीवर पुठ्ठा अंथरला आणि हातात टॉर्च दिला. सलवार-कमीज आणि ओढणी सांभाळत मी आयुष्यात पहिल्यांदा गाडीखाली गेले.

मागे दोन्ही बाजूंना पाट्यांची कमान होती. आक्सल वर, कमान खाली. त्या दोघांच्या मध्ये बाबूने 3 इंचांचा लोखंडी ठोकळा घालून लांब यू-बोल्टने आवळला होता. ठोकळ्याने कमानीचा ताठपणा बदलत नाही, नुसती गाडी 3 इंच खाली येते. पण आक्सलच्या वर, चासीला एक रबरी गोळा असतो. गाडी जास्तच दबली तर लोखंडावर लोखंड आपटू नये म्हणून. मूळच्या गाडीत आक्सल आणि तो गोळा यांच्यामध्ये माझी मूठ सहज गेली असती. आता जेमतेम एक बोट जात होतं. त्यात आणखी एक. बाबूने गाडी अजून बसावी म्हणून कमानीतला एक पाटा काढून टाकला होता. म्हणजे कमान मऊ झाली, ओझं पेलेनाशी झाली. त्यावर मी 200 किलो बटाटे ठेवले. उरलेलं एक बोटही गेलं. गतिरोधकावर चाक वर आलं, तेव्हा त्याला वर जायला जागाच नव्हती. कमान कामाला लागायच्या आधीच आक्सल गोळ्यावर आपटला. त्या क्षणी गाडीला स्प्रिंग नव्हतीच. होता तो नुसता दगड. आणि तो धक्का सरळ मामूच्या मणक्यात गेला.

मी वर्षानुवर्षं मुलांना सांगत आले, की स्प्रिंगचा नियम मर्यादेच्या आतच खरा असतो. ते वाक्य मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून घ्यायला लावते. आणि मीच ती मर्यादा कुठे आहे ते न बघता ओझं लादलं.

बाबू आता बोलू लागला. पुढच्या चाकांना गुंडाळीची स्प्रिंग. ती त्याने सुरुवातीला, शिकाऊ असताना, कापली होती. ‘‘तेव्हा मला वाटलं, स्प्रिंग कापली की मऊ होईल.’’ उलट होतं. 8 फेऱ्यांतल्या दीड कापल्या तर उरलेली स्प्रिंग सुमारे 23 टक्के ताठ होते. कारण तीच वाकण्याची मेहनत आता कमी फेऱ्यांना करावी लागते. शिवाय कापलेली स्प्रिंग आपल्या बैठकीत नीट बसत नाही. चाक लोंबलं की सैल होते, आणि ते धोक्याचं. काही लोक स्प्रिंग तापवून बसवतात, ते तर त्याहून वाईट, कारण तापवल्याने पोलादाचं पाणीच जातं. शॉकअबसुद्धा जुनेच ठेवलेले. त्यांचा दांडा आता कायम तळाशीच, म्हणजे हेलकावा शमवायला अंतरच नाही. टायरची आतली कड झिजून गुळगुळीत झालेली, कारण गाडी खाली आल्यावर चाकं आत कलतात आणि ती पुन्हा सरळ करून घेतलेली नव्हती. वर पातळ टायर. टायरची हवा हीसुद्धा एक स्प्रिंगच, तीही त्याने कमी केली होती.

‘‘मग केलीस कशाला?’’ मी विचारलं. या वेळी सुनावण्यासाठी नाही.

तो थोडा वेळ टॉर्चशी चाळा करीत राहिला. मग म्हणाला, की खाली आलेली गाडी त्याला सुंदर दिसते. गुळगुळीत रस्त्याच्या वळणावर ती कमी कलते, जमिनीला धरून जाते. यातही तथ्य होतं. वजनाचा मध्य खाली आला की वळणावर फायदा होतो, फक्त फार खाली नेली तर पुढच्या दांड्यांचे कोन बिघडून तो फायदाही निघून जातो. त्याने मला या शौकाचा इतिहासही सांगितला. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन वस्त्यांतली पोरं जुन्या मोटारी घेत आणि मागच्या डिकीत वाळूची पोती टाकून त्या खाली बसवत. 1958 पासून तिथल्या कायद्याने चाकाच्या रिमच्या खाली गाडीचा कोणताही भाग येईल अशा गाड्यांना बंदी केली, तेव्हा त्यांनी गाड्यांना तेलाच्या दाबाचे पंप बसवले, पोलीस दिसले की गाडी वर. 2024 च्या 1 जानेवारीपासून ती बंदी उठली आहे. गरीब वस्तीतल्या पोरांना आपलं म्हणून काहीतरी नजरेत भरेल असं हवं होतं, असं बाबू म्हणाला. मग अगदी हळू म्हणाला, ‘‘फुफू, डॅडी आणि मी मिळून करणार होतो. कागदावर सगळं काढलं होतं. 1 इंच. डॅडी म्हणाले होते 1 इंचच. ते गेले आणि मला थांबवणारं कोणी राहिलं नाही.’’

गाडीखाली आडवं पडून आम्ही दोघंही थोडा वेळ गप्प होतो. वरून मामीच्या स्वयंपाकघरात फोडणीचा आवाज येत होता.

शाळेत आम्ही म्हणतो, मुलगा बिघडला. मी स्वतः किती मुलांबद्दल स्टाफरूममध्ये असं बोलले असेन! बाप आखातात किंवा बाप कबरीत, आई दिवसभर कामावर आणि मुलगा मागच्या बाकावर कडक होऊन बसलेला. जरा काही बोललं की थाडकन. आम्ही समजतो त्याच्यात लचकच नाही. लचक असते. तिला दबायला जी जागा लागते ती कुठेतरी एकेक इंच करून गेलेली असते, आणि आम्ही वरून आणखी ओझं ठेवतो, कारण पुस्तकात लिहिलं आहे की ओझ्याने माणूस सुधारतो.

आमच्या परतीच्या विमानाला नऊ दिवस उरले होते. ‘‘पुन्हा पहिल्यासारखी करू का?’’ बाबूने विचारलं. मी म्हटलं, ‘‘तुझ्या डॅडींनी काढलेला कागद कुठे आहे?’’

कागद होता. त्याप्रमाणे काम झालं. काढलेला पाटा त्याने टाकून दिला नव्हता. तो साफ करून कमानीत परत बसवला. 3 इंचांचा ठोकळा काढून 1 इंचाचा घातला, त्याला बेताचे यू-बोल्ट. पुढच्या कापलेल्या स्प्रिंग भंगारात गेल्या आणि त्या जागी इंचभर खाली बसण्यासाठीच बनवलेल्या, बैठकीत घट्ट राहणाऱ्या स्प्रिंग आल्या, त्यांच्या मापाचे शॉकअब आले. चाकं मूळची, टायर जाडे. शेवटी चाकांचे कोन मोजून सरळ करून घेतले. मी पाने उचलून द्यायचं आणि दर वेळी ‘मूठ जाते का’ हे बघायचं काम केलं. मूठ गेली. पुरी सैल नाही, पण गेली.

मामू आता काठी न घेता चालू लागले होते. गॅरेजच्या दारात येऊन त्यांनी गाडीकडे बघितलं. ती मूळपेक्षा ठेंगणीच होती, काळी, चकचकीत, पोराच्या आवडीची. पण चार पायांवर उभी होती. मी ठरवलं होतं की मधे पडायचं नाही. बाबूच पुढे झाला आणि म्हणाला, ‘‘दादा, तुम्हाला दुखतं हे मला कोणी सांगितलं नाही.’’

मामू म्हणाले, ‘‘मीच नाही सांगितलं. माझीच चूक.’’ मग त्यांनी पंख्यावर तळहात ठेवून गाडी एकदा खाली दाबली आणि सोडली. ती वर आली, किंचित खाली गेली आणि थांबली. ‘‘हां,’’ ते म्हणाले. ‘‘आता बटाटे आणा.’’

बटाटे अजून तसेच पडून होते. या वेळी ते कसे ठेवायचे ते बाबूने ठरवलं. मागच्या टोकाला नाही, कारण टोकाला ओझं टाकलं की गाडीचं नाक उचलतं. आक्सलच्या वर आणि जरा पुढे, दोन्ही बाजूंना सारखे. त्याने आधी स्वतः तीन चकरा मारल्या. प्रत्येक चकरीनंतर खाली वाकून रबराच्या गोळ्यावर आपटल्याची खूण आहे का ते पाहिलं. नव्हती.

रविवारी सकाळी, फज्रनंतर तासाभराने, रस्ता रिकामा असताना आम्ही निघालो. बक्कीत मामू आणि अम्मी. मागे सुनेच्या मोटारीत बाबू आणि मी. त्याने मुद्दाम थोडं अंतर ठेवलं होतं. पुढच्या गाडीची मागची काच आम्हाला दिसत होती आणि काचेत दोन डोकी. एक टोपीचं, एक पदराचं.

तोच पहिला गतिरोधक आला. बाबूने श्वास रोखला. बक्कीची पुढची चाकं चढली, उतरली. मग मागची. हौदा एकदा वर गेला, एकदा खाली आला आणि स्थिरावला. आवाज नाही. काचेतली दोन्ही डोकी एकदमच वर गेली आणि एकदमच खाली आली. पाळण्यात झोपलेल्या पोरांसारखी.

‘‘एक,’’ बाबू म्हणाला. त्याला म्हणायचं होतं, एकच हेलकावा.

क्लिपफाँटेन रोडने आम्ही शहरात गेलो. डिस्ट्रिक्ट सिक्समध्ये बराचसा उतार अजून गवताचा आहे, मधे मधे मशिदीचे मिनार. मामूंनी गाडी एका ठिकाणी उभी केली. नानांचं घर होतं तिथे काही नाही. अम्मी खाली उतरली, त्या गवतात जरा वेळ उभी राहिली, ओंजळ करून दुवा मागितली. मग मामूला म्हणाली, ‘‘खरंच पाळण्यासारखी चालते.’’ पन्नास वर्षं ऐकलेल्या शहराबद्दल ती एवढंच बोलली. मामूंनी तोंड फिरवलं आणि उगाच बटाट्यांची पॉकेटं नीट आहेत का ते बघू लागले.

परतल्यावर ते बटाटे शेजारीपाजारी वाटले. एक पॉकेट मामीने ठेवून घेतलं आणि पुढचे तीन दिवस आम्ही बटाटेच खाल्ले.

2024 च्या रमजानमध्ये मामू अल्लाहला प्यारे झाले. बक्की आता बाबूची आहे. तो अजून रविवारी मैदानात जातो. तिथे त्याच्या गाडीहून कितीतरी खाली बसलेल्या गाड्या असतात, आणि आता त्याच्या गाडीचे फोटो कोणी काढत नाही, असं तो फोनवर हसत सांगतो. पण कोणी नवा पोरगा स्प्रिंग कापायला निघाला की त्याला बाबूकडे पाठवतात. बाबू त्याला आधी खाली झोपवतो आणि मूठ घालून बघायला सांगतो.

मीही आता वर्गात स्प्रिंगचा प्रयोग जरा वेगळा करते. वजन अडकवण्याआधी स्प्रिंगखाली एक पुस्तक सरकवून ठेवते. वजनाची वाटी पुस्तकाला टेकते आणि पट्टीवरचा आकडा तिथेच थांबतो. कितीही वजन वाढवा. मुलं म्हणतात, ‘‘मॅडम, स्प्रिंग ख़राब हो गई.’’ मी पुस्तक काढून घेते. स्प्रिंग खाली येते, हलते आणि थांबते. मग मी विचारते, ‘‘ख़राब कौन था?’’